मुस्तफा नसलेला संग्रह

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली की साहित्याचा अध्यापक आधी मजकुराकडे वळत नाही. तो प्रस्तावना पाहतो. संपादकाने कोणते पाठ स्वीकारले, कोणते तळटिपेत ढकलले आणि कोणते अजिबात गाळले, ते पाहतो. ही व्यवसायाने जडलेली खोड आहे. गेली काही वर्षे आम्ही उभयतांनी ही खोड अशा एका क्षेत्रात वापरून पाहिली, की ज्याला वाङ्मय म्हणायला आमचे बरेचसे सहकारी तयार होणार नाहीत. १९८० आणि १९९० च्या दशकांतील, डावीकडून उजवीकडे सरकत जाणारे मारामारीचे व्हिडिओ गेम अलीकडे संग्रहरूपाने पुन्हा प्रकाशित होत आहेत. जुने खेळ, त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या, सोबत मूळ रेखाटने, टिपणे, जाहिराती, असे त्यांचे स्वरूप असते. सहकाऱ्यांच्या माहितीसाठी एवढेच नमूद करतो, की आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘वाङ्मयीन कृती’ची जी व्याख्या आहे तीत संगणकाच्या आज्ञावलीचाही समावेश होतो. कायद्याने जे वाङ्मय ठरवले आहे त्याचे वाचन करण्यास वाङ्मयाच्या अध्यापकांनी तरी संकोच का करावा?

प्रथम ‘आम्ही’ ह्या सर्वनामाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. आम्ही पतिपत्नी. दोघांनीही मराठीत एम.ए. केले, दोघेही महाविद्यालयात मराठीच शिकवतो, आणि राहतो धरणगावला, म्हणजे बालकवींच्या जन्मगावी. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. परंतु ह्या लेखाच्या विषयापुरत्या आमच्या आठवणी एक नाहीत. आमच्यापैकी एकजण १९९० च्या दशकाच्या मध्यावर इथल्याच एका पार्लरमध्ये खिशातली नाणी चाचपत उभा असे. दुसरी अमळनेरला वाढली. पार्लर तिथेही होते, पण ते मुलींसाठी नव्हते. तशी पाटी कोठे लावलेली नव्हती. ती लावण्याची गरजच कोणाला भासली नव्हती. शाळेच्या वाटेवर त्या दारावरच्या कापडी पडद्याआडून येणारे आवाज, एवढेच तिच्या वाट्याला आले. त्यामुळे आज ह्या संग्रहांकडे वळताना एकासाठी ती पुनर्भेट असते आणि दुसरीसाठी पहिली भेट. एकच ग्रंथ, एकच घर, एकच पडदा. वाचन मात्र दोन. ह्या दोन वाचनांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नातून हा लेख लिहिला गेला.

ज्या खेळांविषयी आम्ही बोलत आहोत त्यांचे रूप अनेकांना ठाऊक असेल. नायक पडद्याच्या डाव्या अंगाला उभा असतो आणि त्याला उजवीकडे जायचे असते. तो पुढे चालला की मागचे दृश्य सरकते, नवा प्रदेश उजवीकडून उलगडतो, आणि त्या प्रदेशाबरोबर नवे शत्रू येतात. निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५), टेक्नोसचा ‘डबल ड्रॅगन’ (१९८७), कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ (१९८७), कॅपकॉमचा ‘फायनल फाइट’ (१९८९) ही त्याची ठळक नावे. मारिओत तर डावीकडे निसटून गेलेला प्रदेश पुन्हा पाहताच येत नाही. जपानी लिपी परंपरेने वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जाते. तरी जपानमध्ये रचले गेलेले हे खेळ नेमके आपल्या देवनागरीच्या ओळीच्या दिशेने चालतात, ह्याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटते. त्या अर्थाने हे खेळ वाचता येतात, असे म्हणण्यात निव्वळ अलंकार नाही.

त्यांची कथा मात्र अगदी बेताची असते. नवे काही घडत नाही. तिसऱ्या टप्प्यावर कोण आडवा येणार, कोणत्या पिंपात काय दडले आहे, हे सारे आधीच ठरलेले असते आणि पाहणाऱ्याला तोंडपाठ असते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानातील पुढचा प्रसंग ठाऊक असतोच. त्याला ऐकायचे असते ते आजचे बुवा तो कसा उभा करतात ते. पार्लरमधल्या खेळणाऱ्याच्या खांद्यामागे जी दहा-बारा डोकी जमत, त्यांची वृत्ती ह्या श्रोत्यांहून वेगळी नव्हती. कादंबरी एकान्तात वाचायची असते, आख्यान समूहात ऐकायचे असते. हे खेळ आख्यानाच्या कुळातले आहेत, हे आम्हांला फार उशिरा, वर्गात नरेंद्र शिकवताना, जाणवले.

खानदेशात हे खेळ दोन वाटांनी आले. पहिली वाट घरातली. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ह्या यंत्राच्या नकला १९९० च्या दशकात आपल्याकडच्या बाजारांत मिळू लागल्या. त्यांना सगळे ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि त्यांत बसवायच्या चपट्या पेटीला ‘कॅसेट’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा आलेले असत. संख्येची ही अतिशयोक्ती आम्हांला पुढे महाकाव्यांतील अक्षौहिणींच्या गणनेत पुन्हा भेटली. ‘कॉन्ट्रा’ आम्हांला भेटला तो ह्या वाटेने. त्यात केलेली मजल राखून ठेवण्याची सोय नव्हती. आठ टप्प्यांपैकी सहावा चालू असताना वीज गेली, की सारे गेले. पुन्हा जंगलापासून आरंभ. उन्हाळ्यात वीज जाणे हा त्या खेळाचा अलिखित नववा शत्रू होता आणि त्याला मारण्याची युक्ती कोणालाच अवगत नव्हती.

दुसरी वाट पार्लरची. तिथे उभ्या लाकडी पेटीत बसवलेला पडदा असे, खाली दांडी आणि बटणे. एका रुपयाला एक कॉइन आणि एका कॉइनला मोजके जीव. मुले मराठी शाळेत शिकत, पण पार्लरची भाषा अहिराणी होती. ‘आते मन्हा डाव शे’ हे वाक्य तिथे दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाई. डाव कोणाचा, कोणी कोणाला आपला उरलेला जीव द्यायचा, लहान मुलाला किती वेळ उभे राहू द्यायचे, ह्याचे कडक नियम होते. ते कोणी लिहिलेले नव्हते आणि कोणी मोडत नसे. ती यंत्रे कोठून येत हे आम्ही कधी विचारले नाही. ती अधिकृत असतील असे मानण्याचे मात्र फारसे कारण नाही. जपानमधली मूळ कृती, तिची कोणी केलेली नक्कल, त्या नकलेचा खानदेशात रुजलेला पाठ: हस्तलिखितांच्या परंपरेत ज्याला आपण शाखा म्हणतो, तिच्यासारखेच हे आहे.

आता संग्रहांकडे वळू. कोनामीने २०१९ साली ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ काढला. त्यात दहा खेळ आहेत, आणि पाठचिकित्सेची गोडी असलेल्या वाचकाने तो अवश्य पाहावा. कारण ते दहा खेळ म्हणजे दहा स्वतंत्र कृती नव्हेत. पार्लरच्या यंत्रासाठीचा मूळ ‘कॉन्ट्रा’ त्यात आहे. अमेरिकेत घरगुती यंत्रासाठी निघालेला १९८८ चा ‘कॉन्ट्रा’ आहे. आणि त्याच वर्षीचा जपानी घरगुती पाठही आहे. ह्या तिसऱ्यात जंगलातील झाडे वाऱ्याने हलतात, बर्फाच्या टप्प्यात बर्फ पडतो, टप्प्यांच्या मध्ये नकाशा आणि छोटी दृश्ये येतात. अमेरिकी पाठात ही झाडे निश्चल आहेत. जपानी कॅसेटमध्ये एक अधिक सामर्थ्याची चिप होती, एवढेच त्याचे तांत्रिक कारण. पण झाड हलते की नाही, ह्याने कवितेत जेवढा फरक पडेल तेवढाच इथेही पडतो. ज्याने लहानपणी निश्चल झाडांच्या जंगलातून शेकडो वेळा धाव घेतली होती, त्याला तिशी-चाळिशीनंतर ती झाडे प्रथमच हलताना दिसली. ओळखीच्या ओवीत एक अनोळखी चरण निघावा, तसे ते होते.

युरोपीय पाठ आणखी वेगळा आहे. तिथे दोन्ही नायकांच्या जागी यंत्रमानव आले आणि खेळाचे नाव ‘प्रोबोटेक्टर’ झाले. माणसांनी माणसांना मारण्याची दृश्ये मुलांसमोर येऊ नयेत, ह्या जर्मनीतील नियमांच्या धाकाने हा बदल करण्यात आला होता. संग्रहात हे पाठही शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पुढे कोणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावले आणि घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणाऱ्याची उपमा दिली. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती नाथांच्या आधीचा पाठ आपल्याला गवसला आहे, ह्या भूमिकेतून. एका परंपरेत एकच शुद्ध पाठ हवा असतो. दुसरीत अधिक जुन्या पाठाचा शोध असतो. कोनामीच्या संग्रहाने तिसरी वाट धरली आहे. त्याने शुद्धाशुद्धाचा निवाडा न करता पाठ पुढे ठेवले आणि निवड वाचकावर सोपवली. आमच्या विद्यापीठीय आवृत्त्यांनी ह्यापासून थोडे शिकण्यासारखे आहे.

एक पाठ मात्र त्या संग्रहात छापता येण्याजोगा नाही. ‘कॉन्ट्रा’च्या आरंभी वर, खाली, डावी, उजवी अशी बटणे एका ठरावीक क्रमाने दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळतात. ह्या क्रमाचे कर्ते काझुहिसा हाशिमोतो. १९८६ साली ‘ग्रेडियस’ घरगुती यंत्रावर आणताना तो खेळ आपल्यालाच फार अवघड जातो, म्हणून चाचणीच्या सोयीसाठी त्यांनी तो घातला होता. २०२० च्या फेब्रुवारीत ते वारले. धरणगावात तो क्रम सुरतेहून सुटीत आलेल्या कोणाच्या तरी मामेभावाने आणला. तो वह्यांच्या मागच्या पानांवर बाणांनी लिहिलेला असे आणि प्रत्येकाच्या वहीत शेवटची दोन बटणे वेगळी असत. प्रत्येकजण आपलाच पाठ खरा म्हणून भांडे. गुरुमुखाने आलेली विद्या अशीच असते.

कॅपकॉमने २०१८ साली ‘बीट देम अप बंडल’ नावाचा संग्रह काढला. त्यात ‘फायनल फाइट’, ‘कॅप्टन कमांडो’, ‘नाइट्स ऑफ द राउंड’ यांच्यासह सात खेळ आहेत. त्यांपैकी दोन तर पार्लरमधून घरात प्रथमच आले. जपानी आणि इंग्रजी असे दोन्ही पाठ इथेही दिले आहेत. आमच्यातील जिची ही पहिली भेट होती, तिने ‘फायनल फाइट’ आरंभापासून अखेरपर्यंत खेळून काढला आणि मग जे निरीक्षण मांडले ते ज्याची पुनर्भेट होती त्याला तीस वर्षांत सुचलेले नव्हते. नगराध्यक्ष हॅगर याच्या मुलीला, जेसिकाला, गुंड पळवून नेतात आणि ती बांधलेली असल्याचे चित्र दूरदर्शन संचावर दाखवतात. तेथून पुढचे सारे रणकंदन तिच्यासाठी. ‘डबल ड्रॅगन’मध्येही मॅरियनला पोटात ठोसा मारून उचलून नेतात, आणि दोन खेळाडू मिळून तिची सुटका करतात, तेव्हा पार्लरच्या मूळ पाठात त्या दोघांना तिच्यासाठी एकमेकांशीच लढावे लागते. हरणाची कथा आपल्याला नवी नाही. पण नरेंद्राच्या आणि एकनाथांच्या रुक्मिणीला स्वतःचे मन आहे, ती पत्र धाडते, तिथीवाराचा हिशेब करते. हरण तिच्या इच्छेने होते. जेसिका पत्र लिहीत नाही. तिला लिहायला एकही बटण दिलेले नाही.

ह्या निरीक्षणाची दुसरी बाजू अशी की पार्लरच्या दारावर पाटी नसली तरी ती पाटी खेळाच्या आतच लावलेली होती. आत मुलगी असायची ती बांधलेली, बाहेर असायची ती वाटेवरून जाणारी. अपवाद आहेत. त्याच कोनामीच्या संग्रहातील ‘हार्ड कोर’ (१९९४) मध्ये शीना नावाची नायिका निवडता येते. आमच्या घरात आता दुसरा कोणताही नायक निवडला जात नाही.

संग्रहांनी खेळात घातलेली सर्वांत मोठी भर म्हणजे राखून ठेवण्याची आणि मागे जाण्याची सोय. कॅपकॉमच्या २०२१ च्या ‘आर्केड स्टेडियम’मध्ये तर मेल्याबरोबर एक बटण दाबून काही क्षण मागे जाता येते, आणि हुकलेली उडी पुन्हा मारता येते. कॉइनची तर मोजदादच नाही. बटण दाबावे आणि हवे तेवढे जीव घ्यावेत. पार्लरचे खेळ अवघड का होते, ह्याचे उत्तर त्यांच्या अर्थव्यवहारात आहे. खेळणारा लवकर मेला नाही तर पुढचा कॉइन पडत नाही आणि मालकाचे भागत नाही. तरी तो फार लवकर मेला तर पुन्हा येत नाही. ह्या दोहोंच्या मधली नेमकी रेषा शोधणे हे रचनाकाराचे कौशल्य होते. कॉइन फुकट झाला की ती रेषा पुसली जाते. शेवटचा शत्रू, ज्याला पाहण्यासाठी एका मुलाने एक अख्खा उन्हाळा घालवला होता, तो आता चाळीस मिनिटांत समोर येऊन उभा राहतो.

ह्यावर आमच्यात मतभेद आहे आणि तो मिटवण्याची आम्हांला घाई नाही. एकाचे म्हणणे असे, की मृत्यूची किंमत नसेल तर हा खेळ म्हणजे वृत्त काढून टाकलेली आर्या आहे. शब्द तेच, पण ती आर्या नव्हे. दुसरीचे म्हणणे असे, की ज्यांना त्या वयात रुपया आणि प्रवेश दोन्ही मिळाले त्यांनीच अवघडपणाचे गोडवे गावेत. ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यासाठी मागे जाण्याचे बटण म्हणजे सटीप आवृत्ती आहे, आणि ज्ञानेश्वरी टीपांशिवाय वाचता येत नाही म्हणून तिच्या वाचकाला कोणी कमी लेखत नाही. वर्गात अर्थासह ओवी सांगताना आम्ही दोघेही दुसऱ्या मताचे असतो, ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

आता शीर्षकाकडे. खानदेशातच काय, देशात जिथे जिथे पार्लर होते तिथे एक खेळ असा होता, की त्याचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक असे. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातील चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा कैरो. डोक्यावर पिवळी टोपी, चालीला सर्वांत चपळ, धावत येऊन उडी मारून लाथ हाणण्यात तरबेज. आपल्या मुलांनी नायकांच्या त्या यादीतले एकमेव ओळखीचे नाव उचलले आणि साऱ्या खेळालाच ते देऊन टाकले. ‘मुस्तफा लागला का?’ असे विचारले जाई. रसिकांनी ग्रंथाला कर्त्याने न दिलेले नाव द्यावे ही आपली जुनी चाल. भावार्थदीपिका म्हटल्यावर आजही कितीजण पटकन ओळखतील? तीन खेळाडूंना एकाच वेळी खांद्याला खांदा लावून खेळता येई. त्यातील हॅना ही नायिका स्वतः लढते, तिला कोणी सोडवायला जावे लागत नाही; पण ती निवडणारा मुलगा पार्लरमध्ये चेष्टेचा विषय होई.

हा खेळ कॅपकॉमच्या २०१८ च्या संग्रहात नाही. २०२१ व २०२२ च्या दोन्ही ‘स्टेडियम’ संग्रहांतही नाही. तो पार्लरबाहेर घरगुती यंत्रावर अधिकृतपणे कधी आलाच नाही. कारण उघड आहे. त्याची कथा मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ ह्या चित्रकथेवरून घेतलेली, आणि नावातली मोटार एका अमेरिकी कंपनीची मुद्रा. इतक्यांची संमती पुन्हा मिळवायची तर त्यासाठी कोणाला तरी तेवढी निकड हवी. निकड असली की संमती मिळते. त्याच १९९३ सालचा आणि असाच परक्या चित्रकथेवरून घेतलेला ‘द पनिशर’ २०२४ च्या संग्रहात परत आला. मुस्तफासाठी अशी निकड ज्यांना होती, ते अनेकांच्या गावीही नसलेल्या गावांत कॉइन टाकत होते.

त्यात आणखी एक भय होते. कॅपकॉमच्या त्या काळच्या अनेक यंत्रांत आज्ञावली गुप्त लिपीत ठेवलेली असे, आणि ती उलगडण्याची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जिवंत राही. बॅटरी संपली की किल्ली नाहीशी होई आणि यंत्र कायमचे मुके होई. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्यांच्या हाती तिची किल्ली आली, म्हणून लीळाचरित्र आज अभ्यासक्रमात आहे. इथेही किल्ल्या शोधणारी माणसे निघाली. १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’ ह्या प्रकल्पाने पार्लरची शेकडो यंत्रे संगणकावर जशीच्या तशी चालतील अशी व्यवस्था केली. मुस्तफा आज कोठे जिवंत असेल तर अशा प्रकल्पांच्या आश्रयाने, बहुधा कोणाच्या परवानगीविना. जे छापील आवृत्तीत येऊ शकत नाही ते नकलून ठेवणाऱ्यांच्या हाती टिकते. पुस्तकाची झेरॉक्स काढू नका असे विद्यार्थ्यांना सांगणारे आम्ही, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कोणा अनामिकाने नकललेल्या पोथ्यांपुढे हात जोडणारेही आम्हीच. ह्या दोन भूमिकांमधले अंतर कायद्याच्या कलमाने मोजता येत असेलही. मनाला ते मोजणे कठीण जाते.

मागच्या आखाजीला एकाचा पार्लरमधला जुना मित्र घरी आला. दहावीनंतर तो सुरतेला गेला आणि तिथेच कापडाच्या कामात राहिला. सणाला गावी येतो. पार्लरमध्ये त्याच्या तोडीचा खेळणारा नव्हता. एका कॉइनवर तो शेवटापर्यंत जाई, आणि तो खेळत असला की मालक उदास होई. आम्ही लॅपटॉपला दोन रिमोट जोडून ‘कॉन्ट्रा’ लावला. एक रिमोट त्याच्या हाती, दुसरा आमच्यातील नवशिकीच्या. तिसऱ्या टप्प्यावर धबधबा आहे. तिथे पडदा आडवा न सरकता वर सरकतो आणि जो मागे राहतो तो पडद्याखाली जाऊन मरतो. त्याची बोटे पंचवीस वर्षांनंतरही अचूक होती, तो सहज वर निघून गेला असता. पण तो मधल्या एका दगडावर थांबला, वरून येणाऱ्या गोळ्या चुकवत तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, ‘दम धरा वहिनी. आते उडी मारा.’ असे प्रत्येक दगडावर. वर पोचायला आम्हांला फार वेळ लागला. पुढे संग्रहाची सारी यादी वरपासून खालपर्यंत चाळून त्याने एकच प्रश्न विचारला, ‘यामा मुस्तफा नही शे का?’

आम्ही त्याला परवाने, चित्रकथा, मोटार कंपनी असे सगळे समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. आपण ज्यात सर्वांत निपुण होतो, ज्यासाठी गल्लीत आपले नाव होते, ते कोणत्याच संग्रहात नाही, एवढे त्यातून त्याच्या ध्यानी आले असावे. तो हसून म्हणाला की मग ते आपल्यालाच आठवत ठेवावे लागेल. आणि मग त्याने आठवायला सुरुवात केली. कोणत्या शत्रूला मुले काय म्हणत, कोणत्या पिंपात खाणे निघे, तिघांपैकी कोणी ते खायचे हे कसे ठरे, मोटारीच्या टप्प्यात सगळे एकदम कसे ओरडत. अहिराणीतली ती नावे कोणत्याही पुस्तिकेत नाहीत, आणि जपानमधल्या मूळ रेखाटनांच्या पानांत ती असण्याचा संभवच नाही. सण चालू होता. शेजारच्या अंगणात झोक्यावर बायका आखाजीची गाणी म्हणत होत्या. आमच्यातील जी पार्लरबाहेर राहिली तिने त्या गाण्यांच्या वहीतच, मागच्या बाजूने, ही नावे उतरवून घेतली.

आमच्या प्रदेशाला हे नवे नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि आप्तांनी टिपून ठेवल्या नसत्या, तर १९५२ साली छापायला काय उरले असते? बालकवींच्या कवितेचे संग्रहही त्यांच्या अपमृत्यूनंतरच कोणी कोणी जमवलेल्या कवितांमधून उभे राहिले. पार्लरच्या मुलांची बोली ही त्या तोडीची कविता आहे, असा आमचा दावा नाही. परंतु ज्या समाजात खेळ, गाणे आणि शिवी एकाच तोंडातून येते तिथे टिपणाऱ्याने आधी टिपावे आणि तोडीचा विचार मागाहून करावा, असे आम्हांला वाटते. संग्रह काढणाऱ्यांनी आज्ञावली जपली, चित्रे जपली, हलणारी आणि न हलणारी अशी दोन्ही झाडे जपली. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. खांद्यामागची दहा-बारा डोकी जपणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. ते काम धरणगावचे, अमळनेरचे, चोपड्याचे आहे.

आमच्या वहीत आजमितीस एकसष्ट शब्द झाले आहेत. द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही बोलीच्या अभ्यासाचा उपक्रम म्हणून विद्यार्थ्यांना आपापल्या काका-मामांना विचारून यायला सांगितले आहे. मुलींना आम्ही वेगळा प्रश्न दिला: आई, मावशी, आत्या त्या दाराजवळून जात असत तेव्हा त्यांना आतून काय ऐकू येई? उत्तरे अद्याप येत आहेत.